लिंबावरची गुळवेल

"बाग काय पतंगांसाठी लावली व्हय आपुन?" महेंद्रभावजी माझ्या कानाशीच पुटपुटले. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. पलीकडंच कडुलिंबाखाली बाजेवर त्यांचे दादा, म्हणजे माझे मालक, पडले होते.

भावजींनी हातातलं डाळिंब दाबलं. वरून लालबुंद, टाचणीएवढं भोक, त्यातून आंबूस पाणी आलं. पतंगाचं काम. हा पतंग पंख मिटून बसला की वाळकं पान वाटतो. उघडले की आत नारंगी-पिवळा, त्यावर काळी कोर. दिसायला देखणा, सोंड मात्र दाभणासारखी. पण त्याच्या अळीला डाळिंब चालत नाही, तिला गुळवेल लागते. म्हणजे बाळंतपण लिंबावरच्या वेलीत आणि जेवण आमच्या बागेत! कृषी सहायक सांगून गेला होता, बांधावरची गुळवेल काढा. आमच्या कोल्हारात आजूबाजूच्यांनी काढलीसुद्धा.

आमची तेवढी राहिली. तिचाच काढा मी रोज सकाळी यांना देत होते. लिंबावर चढलेली गुळवेल जास्त गुणाची, असं सगळे म्हणतात. नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "आता घरी न्या, खातील ते द्या" म्हटलं, त्याचा अर्थ विचारायला घरातलं कुणी परत गेलं नाही. मी काढा उकळत राहिले. पातेलं गॅसवर चढलं की काहीतरी चाललंय असं वाटायचं.

"वहिनी, आज तोडतोच." भावजींनी कोयता उचलला.

"एवढा हंगाम जाऊ द्या."

"हंगाम गेल्यावर तोडून काय लोणचं घालायचं? मी दुसरीकडनं आणतो ना वेल, पोतंभर आणतो."

"वाळकी चालत न्हाई. ताजी लागती."

मी पुढं होऊन वेलीला पाठ लावून उभी राहिले. खांद्याजवळ एक मखमली अळी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके, निवांत पान कुरतडत होती. चिरडायला हवी होती. हात उचलला नाही.

"महिंद्या, तोड रे," बाजेवरून आवाज आला.

"तुमी गप पडा," मी म्हणाले. "अन् उद्याचा काढा?"

"अगं, लई कडू हाय त्यो. तुझं मन राहावं म्हणून पितोय." त्यांना दम लागला. भावजी कोयत्याच्या पात्याकडं बघत राहिले. हे मात्र माझ्याकडंच बघत होते.

"मी काय आता बरा व्हत न्हाई, जयमाला."