नागुबाईच्या गाण्याला हललेला काटा

मित्रांनो, मी एक जुना विजेचा मीटर आहे. लाकडी पेटी, काचेखाली एक काटा, आणि एक तांबडी, एक काळी अशा दोन वायरी, एवढाच माझा संसार. तारेतल्या विजेचा जोर किती, ते मी सांगतो. दिसायला मी देखणा नाही, पण खोटं कधी बोललो नाही. एवढी फुशारकी मला शोभते.

माझा जन्म विलायतेतला. चंद्रभान मिस्त्रीने मुंबईहून मला गंगाखेडला आणलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गावात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. चंद्रभान रोज मऊ फडक्याने मला पुसायचा. बॅटऱ्या, दिवे, भोंगे, सगळ्यांची नाडी मी पाहिली.

एकदा दिवस कलताना कापडाचे व्यापारी बसवंतराव मोटार घेऊन चंद्रभानकडे आले. मोटारीतला रेडिओ नुसता कुजबुजत होता. मागे त्यांच्या आई, चन्नबसम्मा, बसल्या होत्या. त्यांची लेक नागुबाई औरंगाबादेला दिलेली. त्याच संध्याकाळी ती तिथल्या रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती.

"अव्वा, हैदराबादहून नवा रेडिओ मागवतो," बसवंतराव म्हणाले.

"मागव की. अन् पोरीला सांग, तवर गाऊ नको म्हून."

चंद्रभानने मला आधी बॅटरीला लावलं. ती ठणठणीत होती. मग रेडिओच्या पेटीतून निघणाऱ्या तारांना लावलं. आत कुणी बातम्या सांगत होतं. शब्दाशब्दाला माझा काटा उड्या मारू लागला. त्याच तारांच्या दुसऱ्या टोकाला, आवाज बाहेर पडतो त्या मागच्या कर्ण्यापाशी लावलं, तर काटा जेमतेम थरथरला.

"मावशी, पेटीतून आवाज निघायलाय, पर कर्ण्यापतोर पोचंना. मधीच अडकलाय."

त्याने कर्ण्याजवळचा गालिचा उचलला. तारांचा जोड हिरवा पडला होता आणि त्यावर कुंकू चिकटलेलं.

"दसऱ्याला मोटारीची पूजा कुणी केली?"

"मीच. गाणाराचं तोंड गोड करावं म्हून कर्ण्यावर नारळाचं पाणी शिपडलं. तुमच्या रेडिओला तेवढं बी सोसंना?"

बसवंतराव तोंड फिरवून हसले. चंद्रभानने जोड खरवडून लखलखीत केला, घट्ट पिळला. मला काढायच्या आतच नागुबाईचं गाणं सुरू झालं. सूर चढला की माझा काटा चढे, ती थांबली की खाली येई. चन्नबसम्मा माझ्याकडेच बघत होत्या.

"बग, मधीच दम घेतीय. ल्हानपनापासून खोड हाय तिची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने माझी काच पुसली. काच स्वच्छच होती. धूसर त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खणाची पिशवी शिवून पाठवली. पुढे नवे मीटर आले आणि मी कोनाड्यात पडलो. कोळ्यांनी जाळी विणली, पण पिशवीने मला राखलं. माझी तक्रार नाही. विजेचा जोर मी जन्मभर मोजला; लेकीचा आवाज आईला दाखवायचं भाग्य किती मीटरांना मिळतं?

मित्रांनो, आम्हा जुन्यांना कोरड्यात ठेवा. पूजा करायचीच तर लाकडाला कुंकवाचं बोट लावा, पाणी मात्र लांब. आणि एखादं यंत्र मुकं झालं, तर फेकण्याआधी त्याचा आवाज कुठे अडकलाय ते बघा. पलीकडे कुणाची तरी लेक गात असेल.