चार वस्तूंचं पिठलं

मोबाईलमधल्या बाईचं म्हणणं असं, की घरात बेसन, कांदा, तेल आणि मीठ एवढं असलं तर दहा मिनिटांत माणूस जेवायला बसू शकतो. बाई हसतमुख होती. तिच्या ओट्यावर एक डाग नव्हता आणि कांदा चिरून आयता वाटीत येऊन बसलेला होता. चांगदेवने तिला तीनदा मागे नेलं आणि पुन्हा पुढे चालवलं. तिच्या पिठल्यात एक गुठळी होत नव्हती. ह्याच्या पिठल्यात गुठळ्यांखेरीज काही होत नव्हतं.

"गुठळ्या झाल्याच तर घाबरू नका, रवीने घुसळून घ्या," बाई म्हणाली. रवी कुठे असते ते काही तिने सांगितलं नाही. चांगदेवने मांडणीवरचे डबे हलवले, ओट्याखालची बादली उपसली, शेवटी चमच्यानेच गुठळ्या कढईच्या कडेला दाबून दाबून मोडायला लागला. ह्या घरात त्याचा संसार झाला, मुलगी वाढली, लग्न होऊन गेली, आणि ह्याला रवीचा पत्ता नाही. ज्या बाईला पत्ता होता ती बाहेरच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसलेली होती, आणि तिला विचारून उपयोग नव्हता.

शकूला झटका आला तो जयंतीच्या आधी. विहारात नेसून जायची पांढरी साडी खालच्या इस्त्रीवाल्याकडे टाकून ती वर येत होती, ती जिन्यातच बसली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. म्हणजे अगदीच गेली असंही नाही, एक शब्द उरला. हां. पाणी हवं का, हां. नको का, हां. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तुमचं नाव शकुंतला ना? हां. मग मुलीचं नाव घेऊन, तुमचं नाव मेघना ना? हां. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बरंचसं कळतं. पण आत काहीही असलं तरी बाहेर तोच एक शब्द येतो. मानही तशीच हलते. त्याच्यावर जाऊ नका." चांगदेवने मान डोलावली. त्याच्यावर नाही तर मग कशावर जायचं, हे विचारायचं त्याला घरी आल्यावर सुचलं.

दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातलेली. शकूने डाव्या हाताने ती उपसून काढली. त्यांनी परत घातली आणि तिचा डावा हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधून टाकला. त्यांचंही काही चुकलं नसेल. पण त्या बांधलेल्या हाताकडे आणि मग चांगदेवकडे शकू ज्या नजरेने बघायची ती नजर त्याला सोसली नाही. भेटायची वेळ संपायच्या आत तो बाहेर जाऊन उभा राहायचा, चहा प्यायच्या निमित्ताने. घरी न्यायच्या दिवशी नळी काढली तेव्हा त्याने तिच्या कानाशी सांगितलं, "परत नाही घालू द्यायचो. मी भरवीन तुला."

"हां," शकू म्हणाली.

भरवणं कठीण नव्हतं. ते नीट शिकवून पाठवलेलं. ताठ बसवायचं, छोटा चमचा, पातळ द्यायचं नाही, ते श्वासनळीत जातं. सुकं द्यायचं नाही, ते घशात अडकतं. मऊ, घट्टसर, एकजीव काहीतरी. गिळायला तिला येत होतं, पण ती तोंडच उघडत नव्हती. एक चमचा घेई, फार तर दोन, मग ओठ मिटले की मिटले. खिचडी झाली, रव्याची लापशी झाली, उकडलेला बटाटा दुधात कुस्करून झाला. दंडावरचं मांस उतरायला लागलं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर काट्याकडे बघून म्हणाले, "सोमवारी परत आणा. वजन असंच खाली आलं तर नळीशिवाय इलाज नाही." आणि आज शुक्रवार होता.

त्यात मेघना. पोरगी बाळकुमला राहते, माजिवड्याला नोकरी, पोर लहान. रविवार रविवार भिवंडीच्या गर्दीतून दीड-दोन तास मोडून यायची आणि रडत परत जायची. मधल्या दिवसांत व्हिडिओ पाठवायची. तीन वस्तूंत भाजी, पाच मिनिटांत आमटी, तेलाशिवाय काहीतरी. मागच्या रविवारी तिने जाता जाता चप्पल घालताना विचारलं, "पप्पा, तुम्ही हे सगळं करता ते ठीक आहे. पण मम्मीला काय आवडतं तेच करा ना."

"काय आवडतं?" चांगदेवने विचारलं.

"म्हणजे काय? तुम्हाला माहीत असेल ना."

"तू सांग ना. तू मुलगी आहेस."

मेघना एक चप्पल घालून तशीच उभी राहिली. "तिला सगळंच आवडायचं," ती म्हणाली, आणि दोघांनाही कळलं की हे काही उत्तर नव्हे.

चांगदेव पाणीखात्यात होता. कल्याण पूर्वेच्या कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी चढतं, कुठल्या बिल्डिंगच्या टाकीला जोर कमी पडतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मेघनाला वरणात गूळ लागतो हे त्याला माहीत होतं. जावयाला कांदाभजी कुरकुरीत लागतात हे माहीत होतं. स्वतःला काय लागतं हे तर सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. शकूच्या जागी आठवून बघितलं की त्याच्या डोळ्यांसमोर नुसतं एक ताट यायचं, आणि त्या ताटात काही नसायचं. शरमेची गोष्ट होती, आणि शरम वाटून पोट कुणाचं भरत नाही.

त्याने शेजारच्या हौसाबाईंना विचारलं. दोघींची दारं समोरासमोर, दुपारी गहू निवडायला एकत्र बसायच्या. हौसाबाई स्वतः पेज करून घेऊन आलेल्या आणि शकूने तोंड फिरवल्यावर पदराने डोळे पुसत होत्या.

"तिला काय आवडायचं हो?"

"मला नाय म्हाईत भावजी," हौसाबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर कधी जेवली नाय ती. बस म्हटलं तर म्हणायची, ह्यांचं व्हायचंय अजून."

तर असा तो पिठल्यापर्यंत येऊन पोचला होता. पिठलं मऊ, पिठलं घट्ट, पिठलं घशाखाली उतरायला सोपं. मिरची घालायची नव्हती, मोहरी घालायची नव्हती, म्हणजे वस्तू चारच उरल्या. गुठळ्या बऱ्यापैकी मोडल्या. त्याने गॅस बारीक केला, आणि तेवढ्यात मेघनाचा फोन आला. तो कानाला लावून तो बाहेरच्या खोलीत आला.

"पप्पा, मी बोलले एका डॉक्टरशी, आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे मिस्टर आहेत. ते म्हणाले नळीला एवढं घाबरू नका. नळीने निदान पोटात तरी जाईल."

"मी तिला शब्द दिलाय."

"मला माहितीये. पण ती खातच नसेल तर आपण काय करणार? तुम्ही तरी काय करणार?"

"आज पिठलं केलंय," चांगदेव म्हणाला. मेघना नळीचे फायदे एकेक करून सांगायला लागली, आणि प्रत्येकाला तो हं म्हणत गेला. ती बरोबरच बोलत होती. त्याला तिचा राग येत होता तो ती बरोबर बोलत होती म्हणूनच.

वास त्याला आला नाही. आधी शकूची मान वळली. दिवसभर जी बाई खिडकीकडे तोंड करून बसायची तिने मान स्वयंपाकघराच्या दाराकडे फिरवली, आणि ती का बघतेय हे बघायला म्हणून चांगदेव वळला तेव्हा त्याला कढईतून वर येणारा धूर दिसला.

फोन पलंगावर टाकून तो धावला. गॅस बंद केला. वरचं पिठलं शाबूत होतं, बुडाचं लागलं होतं. त्याने वरचं वर हलक्या हाताने वाटीत काढलं, चाखून बघितलं, करपट लागत नव्हतं. देवाला मानत नसला तरी त्याने मनातल्या मनात कुणालातरी हात जोडले आणि वाटी घेऊन शकूपुढे बसला.

शकूने ओठ मिटून घेतले. पहिल्याच चमच्याला.

"थोडं," चांगदेव म्हणाला. "शकू, थोडं घे गं. नुसतं चाखून बघ."

चमचा ओठांना लागला आणि पिठलं हनुवटीवर ओघळलं. त्याने पुसलं. पुन्हा चमचा नेला. शकूने तोंड फिरवलं, दाराकडेच. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "मग काय करू मी? सांग ना. सोमवारी घालतील ती नळी, हात बांधतील, आणि तू माझ्याकडे बघत बसशील. माझ्याकडे कशाला बघतेस? मला येत नाही हे. मला काहीच येत नाही." आवाज चढलेला त्याला स्वतःलाच ऐकू आला. समोरचं दार करकरलं आणि पुन्हा लागलं. शकूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, हे त्याने बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती.

तो उठून आत गेला. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने कढई ओट्यावर ओढली आणि उलथन्याने बुडाला लागलेलं खरवडायला घेतलं. जोरात, सगळा राग त्या कढईवर काढत. खर्र. खर्र.

"हां," बाहेरून आवाज आला.

तो थांबला. तिच्यापाशी जावं की नाही असं होऊन तसाच उभा राहिला. मग त्याने पुन्हा एकदा खरवडलं.

"हां. हां."

आणि तेव्हा त्याच्या कानाला तो आवाज ओळखू आला. बाहेरच्या खोलीत बसून इतकी वर्षं हाच आवाज तो ऐकत आला होता. त्याचं जेवण झालेलं असायचं. शेवटची गरम भाकरी त्याच्या ताटात पडलेली असायची, हात धुऊन तो बातम्या लावून बसायचा, आणि आतून हे सुरू व्हायचं. खर्र, खर्र. ती भांडी घासतेय असं त्याला वाटायचं. एकदा नाही, कितीदा तरी तो आतल्या दिशेने ओरडला होता, अगं आवाज कमी कर, ऐकू येत नाही इथे. आणि आवाज लगेच बंद व्हायचा.

ती भांडी घासत नव्हती. ती जेवत होती.

चांगदेवने उलथन्यावरची खरपुडी बघितली. तांबूस, कडक, कडेला काळी, कढईच्या बुडाचाच आकार घेतलेली. तो ती घेऊन बाहेर आला. शकूचं तोंड उघडलेलं होतं. वाकडं, एका बाजूला ओघळलेलं, पण उघडलेलं. तिचा डावा हात चादरीवरून उचलला जाऊन उलथन्याच्या दिशेने येत होता.

"नाही," तो म्हणाला, "थांब. अडकेल घशात." सुकं द्यायचं नाही. मिळून मिळून एक गोष्ट मिळाली तीही द्यायची नाही. तो परत आत पळाला. खरपुडी वाटीत चुरली, वर गरम पाणी घातलं, तेल घातलं, वरवंटाच सापडला, त्यानेच ठेचली, पुन्हा पाणी, पुन्हा ठेचली. घाणेरड्या रंगाचा एक लगदा झाला. मोबाईलमधल्या बाईने ह्याला जेवण म्हटलं नसतं. त्याने जिभेवर ठेवून बघितलं, खडा लागला नाही.

शकूने पहिला चमचा घेतला. तोंडात फिरवला, गिळला आणि तोंड उघडलं. दुसरा घेतला. तिसऱ्याला ठसका लागला आणि चांगदेवने चमचा झटकन मागे घेतला, पण ठसका निवला आणि तिने पुन्हा तोंड उघडलं. तो भरवत राहिला. वाटी लहान होती, कढईच्या बुडाला निघून निघून निघणार किती. एवढ्याने सोमवारचा काटा हलेल की नाही ते त्याला माहीत नव्हतं. रोज पिठलं लावायचं, मुद्दाम लावायचं, दोन्ही वेळा, एवढं त्याने ठरवून टाकलं. लावायला त्याला उत्तम जमत होतं.

शेवटचा चमचा निपटून घेताना तो म्हणाला, "शकू, हे आवडायचं तुला?"

"हां," शकू म्हणाली.

त्याला एकदम हलकं वाटलं. म्हणजे तिला आवडायचं, म्हणून ती खायची, एवढीच गोष्ट. इतकं हलकं वाटलं की त्या भरात पुढचा प्रश्नही तोंडातून निघून गेला.

"का एवढंच उरायचं?"

शकूने त्याच्याकडे बघितलं. नीट बघितलं, बराच वेळ.

"हां," ती म्हणाली.

पलंगावर पडलेल्या मोबाईलमधून मेघनाचा आवाज येत होता. फोन बंद करायचा राहूनच गेला होता. चांगदेवने उचलला.

"पप्पा? काय झालं? कशाचा आवाज होता? खाल्लं का तिने?"

"खाल्लं."

"खाल्लं?" मेघनाला रडू फुटलं. "काय खाल्लं? काय आवडलं तिला?"

चांगदेवने हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघितलं. उत्तर जिभेवर येऊन थांबलं होतं, पण ते द्यायचा त्याला अधिकार वाटेना.

"तूच विचार तिला," तो म्हणाला, आणि फोन शकूच्या कानाला लावून धरला. पलीकडे मेघना काय विचारत होती ते त्याला ऐकू येत नव्हतं. शकू ऐकत होती, आणि थोड्या थोड्या वेळाने म्हणत होती, हां.