नाकातलं औषध

लग्न होऊन मी पनवेलजवळच्या या घरात आले, तेव्हा धाकटा दीर बाळू एवढासा होता, की मिठागरावर जातानाही माझ्या कमरेवर असायचा. काटे काढून पहिला मासा त्याला मीच भरवला. त्याच बाळूने दोन हजार सतरा साली माझा दात पाडला.

माझ्या नवऱ्याला, बुधाजींना, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, पार पसरलेला. नेहमीची औषधं चालेनाशी झाली, तेव्हा खारघरच्या डॉक्टरांनी त्यांना चाचणीत घेतलं. दोन नवी औषधं एकत्र सलाइनमधून द्यायची; मग शरीरानेच गाठीशी लढायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळे पिवळे झाले तर तसेच निघून या. बाहेरचं काही घेतलंत तर चाचणीतून काढावं लागेल." दुसरा उपाय उरलाच नव्हता.

एका सकाळी त्यांचे डोळे हळदीसारखे दिसले. मी रिक्षा बोलावली, बाळूलाही फोन केला. तेवढ्यात तळोज्याच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून बाळू आला, हातात बाटली. आमच्याकडे कावीळ म्हटली, की उपाशीपोटी मुळीचा रस नाकात पिळतात.

"वयनी, त्या डॉक्टरांनी दादाचा प्रयोगाचा उंदीर केलाय."

"उंदीर तर उंदीर. जित्ता हाय ना?"

"तू गप बस!"

त्याने भावाच्या छातीवर गुडघा रोवला, केस धरून मान मागे ओढली. बुधाजी पाय झाडू लागले. मी बाळूच्या पाठीवर झेपावले. त्याने कोपर मारलं. तोंडात रक्त आणि दात आला. दाराआड गवताचा कोयता होता. तो मी बाळूच्या बाटली धरलेल्या हातावर घातला. हाड लागल्याचं मला मुठीत कळलं. बाटली फुटली. रक्त बुधाजींच्या तोंडावर उडालं.

"मारलंस मला," बाळू लहानपणासारखा रडला.

एकाच रिक्षातून गेलो. बाळूचा एक हात माझ्या पदरात गुंडाळलेला, दुसऱ्याने तो भावाला सावरत होता.

"नाकात, तोंडात काही घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेंब पन नाय," मी रक्त गिळून म्हणाले.

औषधांनी चेतवलेलं शरीर यकृतावरच उलटलं होतं. सूज उतरवायची इंजेक्शनं लागली. कावीळ गेल्यावर डॉक्टरांनी एक औषध कायमचं बंद केलं, दुसऱ्यावर त्यांना चाचणीत ठेवलं. पुढची होळी बुधाजींनी अंगणात बसून पाहिली, बाळूला शिव्या घालत.

पावसाळ्याआधी ते गेले. आम्हाला मूल नाही. अग्नीचं मडकं बाळूकडेच आलं. त्याचा अंगठा मिटत नव्हता. मडक्याची दोरी मीच त्याच्या मनगटाला बांधली.