ओल्या साड्यांचा रस्ता

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत छत्तीस घरं, आणि गुजराती घडाघडा वाचून दाखवील अशी सून एकच, हर्षदा. त्यामुळे माघात पालिकेचं गुलाबी पत्रक दारोदार पडलं, तेव्हा ते हातात धरून अख्खी गल्ली तिच्याच ओटल्यापुढे जमली. तिच्या कडेवर चौदा महिन्यांची चिंगी, एका हातात पत्रक, आणि समोर मांडीवर साड्या घेऊन चमकीची टिकी लावत बसलेल्या बायका. "रस्ता होणार," एवढं तिने वाचलं मात्र, पुढचा पाव तास कोणी कोणाचं ऐकेना.

आणि का ऐकावं? वीस वर्षं झाली होती त्यांना धुळ्या-जळगावहून इथे येऊन. लूमच्या खात्यांत, कापडाच्या कारखान्यांत, पाळ्या करकरून माणसं म्हातारी झाली, पण गल्ली होती तशीच. पावसाळ्यात गटाराचं पाणी आणि आभाळाचं पाणी हातात हात घालून घरात शिरायचं. रिक्षावाला नाक्यावरच "बस, इथपर्यंतच" म्हणायचा. हर्षदा स्वतः नवी नवरी म्हणून आली ती शालू पोटऱ्यांपर्यंत वर खोचून, आणि गेल्या श्रावणात तर दुपारभर लेकीला छातीशी धरून खाटेवर उभी होती, खाली पाण्यात चपला तरंगत होत्या.

"अहो ऐका ना, काय काय होणार ते नीट ऐका!" ती ओरडली. "दोन महिने धूळ खायची. आधी गटारलाइन, मग पाण्याची लाइन, मग सिमेंटचा रस्ता. खोदलेलं असेल तेव्हा दारापुढे फळी टाकून देतील, तिच्यावरून जायचं. गाड्या शाळेच्या भिंतीला लावायच्या. नळ कधी दोन-दोन दिवस यायचा नाही, ड्रम भरून ठेवायचे. मशीन दिवसभर चालेल, रात्रपाळीवाल्यांना झोप मिळणार नाही."

"आमच्याकडे झोप आताही कुठे मिळते?" समोरच्या प्रभावतीकाकू म्हणाल्या. "रेल्वेतून रिटायर झाला माणूस, पण इंजिन घरी घेऊन आला. असा घोरतो!"

हसणं विरेपर्यंत हर्षदा थांबली. पुढचं वाक्य तिला जड जात होतं. "आणि प्रत्येकाचा ओटला तीन फूट तुटणार."

आता मात्र सुया थांबल्या. सगळ्यांनी पाहिलं ते हर्षदाच्या सासूकडे. उषाबाईंचा ओटला गल्लीत सगळ्यात रुंद. तीन वर्षांमागे गेलेल्या त्यांच्या नवऱ्याने, सुकदेवांनी, तो सुटीच्या दिवशी फरशीचे तुकडे गोळा करकरून बांधला होता. त्याच्यावर बसून उषाबाईंनी हजारो साड्यांना टिक्या लावल्या होत्या.

"तो तुटनार नही," उषाबाई म्हणाल्या. "त्यास्नी सोता बांधेल शे." आणि पदर झटकून आत गेल्या.

त्यांना वळवायला अकरा दिवस लागले. हर्षदाने चहा देताना सांगितलं, चिंगीला तेल लावताना सांगितलं, नवऱ्याला, चेतनला, मध्ये घालून पाहिलं. तो दिवसपाळीहून आला की आईसमोर मांजर व्हायचा. शेवटी एका दुपारी तिने सासूचा हात धरला. "आई, रस्ता पक्का होईल. पाणी पुन्हा घरात येणार नाही. माझा शब्द."

उषाबाईंनी दुसऱ्या हातातली सुई साडीत खोचली. "तुना शब्द शे ना? मंग तोडा."

उषाबाईंचा ओटला तुटतोय म्हटल्यावर बाकीचे पस्तीस कोण अडवणार? कामावरचा सुपरवायझर महेशभाई हर्षदाला म्हणाला, "बेन, तुमी तर आपली अर्धी मेहनत वाचवली." हर्षदा गालात हसली. पत्रकाच्या तळाशी लिहिलं होतं, की तीन वर्षं रस्ता फुटला तर ठेकेदार दुरुस्त करील, पण रहिवाशांच्या हातून खराबी झाली तर नाही. तेही तिने सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. एकच परिच्छेद तेवढा तिने गाळला. सिमेंट ओतल्यावर त्यावर पाणी साठवून ठेवायचं काय काय त्यात होतं. चिंगी रडायला लागली होती, आणि तिला वाटलं, हे तर त्यांच्या माणसांचं काम, आपल्याला कशाला?

दोन महिने गल्लीने खरोखर धूळ खाल्ली. वरणात धूळ, पाळण्यात धूळ. पण तक्रार कसली! रोज संध्याकाळी बायका फळ्यांवर उभ्या राहून काम किती पुढे गेलं ते बघायच्या, जसं काही घरात लग्न आहे आणि मांडव चढतोय. आणि चैत्र सरला तसा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी मिक्सर आला. सोमवारी दुपारपर्यंत दोनशे फूट गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी, सपाट, गुळगुळीत झाली. एकेकाने उंबऱ्यातून वाकून पाहिलं. चेतनने फोटो काढून गावी पाठवले, कॅप्शन टाकलं, 'आमचं सुरत.'

मंगळवारी संध्याकाळी महेशभाईच्या माणसांनी रस्त्यावर मातीचे बोटभर बांध घालून शेतासारखे वाफे केले, टँकरने त्यांत पाणी सोडलं, आणि सुटी म्हणून निघून गेली.

बुधवारी आखाजी. खानदेशी माणसाला या दिवसासारखा दिवस नाही. घागर भरायची, पितरांना जेवू घालायचं, आमरस-पुरणपोळी, माहेरी आलेल्या लेकींची गाणी. रात्री चिंगीने जागवलेली हर्षदा सहाला डोळे चोळत दारात आली, तर रस्ता कोरडा ठणठणीत! बांध मोडलेले, माती एका कडेला सारलेली, आणि ओळीने प्रत्येक दारापुढे रांगोळी. गल्लीच्या मधोमध उषाबाई खराटा घेऊन उभ्या, शेजारी प्रभावतीकाकू आणि आणखी आठ-दहा जणी. चेहरे कसे फुललेले.

"देख वं!" उषाबाई अभिमानाने म्हणाल्या. "पाच वाजापासून लागनूत. आखाजीना दिन दारम्होरे सडेल पानी ठेवतस का कोनी? पितर येतीन का मच्छर येतीन?"

आयुष्यभर दारातलं पाणी बाहेर लोटलेल्या त्या बायका. दारापुढे पाणी साचलेलं दिसलं की हात आपोआप खराट्याकडे जाणारच. हर्षदालाही क्षणभर छानच वाटलं, नव्या रस्त्यावरची ती पहिली रांगोळी. पण मग तिला तो गाळलेला परिच्छेद आठवला. तिने धावत जाऊन पत्रक काढलं, वाचलं, आणि फोन लावला.

महेशभाई साडेआठला मोटारसायकलवरून आला, नाक्यावर गाडी टाकून जवळजवळ पळतच. हेल्मेट काढायचंही भान नाही. "अरे बेन! आ शुं कर्युं? पाणी कोणे काढ्युं?"

त्याने गुडघे टेकून रस्त्यावर तळवा ठेवला. "कच्चं आहे हे अजून. वरून घट्ट दिसतं, आत त्याला पाणी पाहिजे. आज एक्केचाळीस डिग्री जाणार. बारा वाजेपर्यंत पापडासारखा फुटेल. आणि साहेब मला विचारतील, कोणी केलं, तर मी काय सांगू? रहिवाशांनी केलं?" तो टँकरवाल्याला, भाईदासला, फोन लावत होता. भाईदासही धुळ्याकडचाच. फोन उचलला तेव्हा मागून पोरींची गाणी ऐकू येत होती. तो गावी आखाजीला गेला होता. दुसरा टँकर म्हणे चारच्या आधी नाही. नळाची नवी लाइन अजून जोडलेली नव्हती.

उषाबाई हळूच सुनेजवळ आल्या. खराटा अजून हातातच. "माले काय माहीत? तू सांगंच नही."

"हो आई," हर्षदा म्हणाली. "मी नाही सांगितलं. माझंच चुकलं." आणि तिथेच, भर गल्लीत, सगळ्यांसमोर ते मोठ्याने पुन्हा म्हणाली. छत्तीस घरांनी तिच्या एका शब्दावर ओटले दिले होते. आता रस्ता तडकला, तर येत्या पावसाळ्यात त्या तड्यांतून पाणी जाणार, वर्षभरात गल्ली पुन्हा होती तशी होणार, आणि ओटले तर गेलेच. मग कुणाच्या तोंडाकडे बघून ती या गल्लीत राहणार?

घरोघरच्या ड्रमांतलं पाणी काढून बायकांनी कळशीने शिंपडायला सुरुवात केली. पण पाणी पडायचं आणि डोळ्यांदेखत उडून जायचं. तापल्या तव्यावर मारावं तसं. पाच घरांचे ड्रम अर्धे झाले, रस्ता पुन्हा पांढरा.

"असं नको," उषाबाई एकदम म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, पण आता ताठ झाल्या. "तुना सासरा उन्हायामा खातामा ओलं गोणपाट टाके. नही ते धागा तुटे. कापड टाका! कापड पानी धरी ठेवस."

महेशभाईने डोक्याला हात लावला. "मासी, एकदम बराबर! पण एवढं कापड आणू कुठून आता?"

यावर गल्लीत जे हसू फुटलं ते फुटलं. सुरतेत, नवागामात, लूमवाल्यांच्या गल्लीत उभं राहून हा माणूस विचारतो, कापड कुठून आणू!

"हे घ्या ना," एकीने टिकीच्या कामाचं पोटलं ओढलं.

"खबरदार! शेठना मालले हात लावानं नही," उषाबाई कडाडल्या. "आपलं आना."

आणि मग आलं, आपलं. पेट्या उघडल्या, खाटेखालची बोचकी सुटली. खात्यातून आणलेल्या बिनरंगी ग्रे कापडाचे तुकडे, विरलेली धोतरं, गोधड्या, आणि साड्या. बादल्यांत बुचकळून निथळत्या निथळत्या, दोन टोकांना दोघी धरून, त्या रस्त्यावर अंथरत सुटल्या. दिवाळीला एकाच शेठने भेट दिलेली जांभळी, मोठ्या फुलांची साडी अकरा घरांतून निघाली. "इतकी वर्षं म्हणायचीस, माझ्यासाठी खास निवडली शेठाणीने!" एक दुसरीला म्हणाली. प्रभावतीकाकूंनी कपाट रिकामं केलं. "चौदा एप्रिलची पांढरी तेवढी ठेवली हो," त्या म्हणाल्या, "बाकी सगळं रस्त्याच्या स्वाधीन." त्यांचा घोरणारा नवरा बनियनवर बादल्या वाहत होता. माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणत साड्या पिळत होत्या, पण पिळायच्या नाहीत, नुसत्या भिजवायच्या, हे हर्षदाला प्रत्येकीला ओरडून सांगावं लागत होतं. चिंगीला तिने पाठीशी ओढणीने बांधलं होतं. ती पाठीवरून सगळ्यांवर खूश होऊन हात हलवत होती.

अकराला गल्ली अशी दिसत होती, की नाक्यावरून जाणारे थांबून फोटो काढत होते. दोनशे फूट ओल्या साड्या. जांभळ्या, मोरपंखी, शेवाळी, डाळिंबी.

पण पाणी? दर पाऊण तासाला कापड सुकायला लागायचं. बाराला मोठे ड्रम तळाला गेले. दीडला स्वयंपाकाची पातेली रिकामी झाली. कडेकडेच्या साड्या कडक व्हायला लागल्या, आणि टँकर यायला अडीच तास बाकी. आता प्रत्येक घरात पाणी उरलं होतं ते एकाच ठिकाणी, पितरांच्या नावाने भरलेल्या घागरीत. त्याला हात कोण लावणार? हर्षदा तर सासूच्या घराकडे बघायलाही धजावत नव्हती.

उषाबाई आत गेल्या. सकाळीच त्यांनी उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उमटवून घागर मांडली होती, तिच्यावर खरबूज आणि आंबा. नैवेद्य झाला होता, पितरांचा घास चुलीतल्या निखाऱ्यावर पडला होता. त्यांनी फळं उतरवली, घागर कमरेवर घेतली, आणि दारासमोरच्या, जिथे ओटला होता त्या जागेवरच्या साडीवर हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

"सतरा वरीस त्यास्नी ह्या रस्तानी वाट देखी," त्या म्हणाल्या. "लागू दे त्यासना हात."

एकामागून एक दारांतून घागरी बाहेर आल्या. हर्षदाच्या डोळ्यांपुढे सगळे रंग एकमेकांत मिसळले, आणि तिला पाठीवरच्या चिंगीने केस ओढून भानावर आणलं.

टँकर साडेतीनला आला. अर्धा तास लवकर! त्याचा हॉर्न ऐकून गल्लीने जी आरोळी ठोकली, ती ऐकून ड्रायव्हर दचकून खालीच उतरेना. पाण्याचा मोठा पाइप साड्यांवरून फिरला, कापड पुन्हा ओलंचिंब झालं, आणि बायका जिथल्या तिथे उंबऱ्यांवर बसल्या.

सहाला महेशभाईने एका टोकापासून साड्या उचलून बघायला सुरुवात केली. पावलागणिक थांबायचा, खिळ्याने ओरखडा काढायचा, बोटाने चाचपायचा. त्याच्या मागून गल्ली चालत होती. चोविसाव्या घरापुढे तो थांबला. केसासारख्या बारीक तीन रेघा. हर्षदा वाकून बघू लागली.

"हे वरवरचं," तो म्हणाला. "सिमेंटच्या पाण्याने घासून देतो, कळणारही नाही." आणि शेवटच्या घरापर्यंत जाऊन उभा राहिला, पहिल्यांदाच हेल्मेट काढलं. "पास. एकदम पास."

उषाबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या पाठीवरून चिंगीला सोडवून आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "जाय, पोरी, दोन घास खाय. सकायपासून उपाशी शे."

"पण सांगून ठेवतो," महेशभाई म्हणाला, "अजून चौदा दिवस असंच. कापड सुकलं नाही पाहिजे. माणसं उद्या येतील, पण सकाळी आठपर्यंत आणि दुपारी जेवणाच्या वेळेला कोण बघणार?"

त्याला वाटलं असेल, आता कुरकुर होईल.

"पहाटेची पाळी माझी," प्रभावतीकाकू म्हणाल्या.

"तुमनी कशी? पहाटे उठनारी मी!"

"तुम्ही उठता, आणि पाणी झाडून टाकता!"

गल्ली पोट धरधरून हसली, उषाबाई सगळ्यांत जास्त. भांडण मग चांगलंच रंगलं. पहाट, संध्याकाळ, रात्रपाळीहून येणाऱ्यांची वेळ, सगळं वाटून झालं. हर्षदाच्या वाट्याला आली दुपारची दोनची पाळी, ऐन उन्हाची, जी कोणालाच नको होती. चिंगीच्या झोपेची तीच वेळ, तिची स्वतःची म्हणून दिवसातली एवढीच एक वेळ. तिने हातातला आमरसाचा वाडगा खाली ठेवला आणि कोणी बदलून द्यायच्या आत मोठ्याने सांगून टाकलं, "चालेल! लिहून घ्या माझं नाव."