एल्विराचं अक्षर

मी एक जुना हिरवा फळा आहे. मित्रांनो, पत्र्यावर रंग चढवून मला घडवलं आणि मदेरा गावच्या शाळेत टांगलं. तिथे पांढरे फळे आले तेव्हा मला बाहेर काढलं. एल्विरानं मला जुन्या बाजारातून आणून स्वयंपाकघरात लावलं.

ती बदामाच्या कारखान्यात कामाला होती. माझ्यावर आधी मिरच्या, साबण असं सामान लिहायची. मग तिची मुलगी चेला गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात जाऊ लागली. तिथून पुढे मोठ्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला जायचं होतं. एल्विरानं उजवीकडे ‘विद्यापीठ’ लिहिलं आणि तिथून उलटं मागे येत प्रत्येक सहामाहीचे विषय मांडले. गणिताशिवाय फिजिक्स नाही, फिजिक्सशिवाय पुढचं काही नाही. घरी येणारा प्रत्येक जण माझ्यासमोर थांबून तिचं कौतुक करी.

सप्टेंबरात एल्विरा गेली.

मग मला कोणी हात लावेना. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी, गेलेली माणसं घरी येतात त्या सणाला, तिच्या नवऱ्यानं, रेमुंदोनं, माझ्याखालीच झेंडू, मेणबत्त्या आणि तिची गोड कॉफी मांडली. सण सरला तरी त्यानं ते हलवलं नाही. रोज सकाळी तो कॉफी बदलायचा आणि माझ्याशी बोलायचा. माझ्याशी नाही, तिच्याशी. मित्रांनो, मला वाटायचं, माझ्या आत खरंच कोणी उभं आहे.

एका दुपारी चेला ओलं फडकं घेऊन आली.

“आईला मातीत घातलं, आता तिचं अक्षरही पुसतेस?” रेमुंदो म्हणाला.

“अपा, हे फिजिक्स नर्सांसाठीचं आहे. इंजिनिअरिंगला ते धरत नाहीत.”

“म्हणजे तुझी आई वेडी?”

“नाही हो. तिला मावशीनं सांगितलं. मावशी नर्स, तिनं तेच केलेलं.”

“तुझी मावशी टॉर्टियासुद्धा करपवते. तिला कोण विचारायला गेलं?”

“आईच गेली होती विचारायला. आणि आमचं फिजिक्स वर्षातून एकदाच सुरू होतं, जानेवारीत. आज शेवटचा दिवस, नाव घातलं नाही तर सगळं वर्षभर मागे जाईल.”

“जाऊ दे. वर्षभर घरात राहशील.”

फडक्यातलं पाणी टपटपत राहिलं. आपण काय बोललो ते रेमुंदोला तेव्हा कळलं असावं. तो माझ्याकडे वळला. “एल्विरा, ऐकलंस?”

मी उत्तर देऊ शकलो असतो तर!

त्यानं चेलाच्या हातून फडकं घेतलं आणि फिजिक्सची ती एकच ओळ पुसली. फार हळू. मग खडू पुढे केला. “लिही. तुझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, तरी लिही.”

त्याच दुपारी चेलानं नाव घातलं. तेव्हापासून एकेक विषय झाला की ती तो पुसत गेली. एल्विराचं अक्षर कमी कमी होत गेलं. मित्रांनो, गेलेल्यांचं अक्षर जरूर जपा. पण जिवंत माणसाची वाट त्यानं अडवू नका. मला पुसण्यासाठीच घडवलं आहे.

आता फक्त ‘विद्यापीठ’ उरलं आहे. ते पुसून चेला निघून जाईल. मग सकाळी रेमुंदो कॉफी घेऊन येईल आणि कोऱ्या फळ्यासमोर उभा राहील.