माझ्यासमोर डोकं खाली घालू नका

मी एडका बोलतोय. मेंढा म्हणा, चालेल. बकरा म्हणणार असाल तर पुढचं ऐकू नका.

शाळा-बिळा मला ठाऊक नाही. जे घडलं ते सांगतो. गोड करून सांगता येत नाही.

जन्मलो तेव्हा आम्ही जुळे होतो आणि आईला दूध एकापुरतंच. मी भावाला ढकलत राहिलो, तिसऱ्या दिवशी तो मेला. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. दूध वाढलं.

तीन वर्षांचा झाल्यावर कळपातल्या काळ्या एडक्याशी जुंपली. दोघं मागे सरायचो, धावायचो आणि कवटीवर कवटी आपटायची. ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. शेवटी त्याची मान कडकन मोडली आणि कळप माझा झाला.

आमच्यात बोलणं फार नसतं. समोरच्यानं डोकं खाली घातलं की त्याचा अर्थ एकच. ये. मग जो जात नाही त्याला एडका कोण म्हणेल?

मालकिणीला हे माहीत होतं, पण घाईत विसरली. माझ्यापुढे वाकून बादली उचलायला गेली आणि मी गेलो. खांद्याचं हाड मोडलं तिचं. मालकानं काठीनं मला इतका मारला की दोन दिवस उठलो नाही.

"आजच्या आज द्या त्याला कसायाला," मालकीण कण्हत म्हणाली.

"अगं, ही सगळी कोकरं त्याचीच आहेत," मालक म्हणाला. मग माझं शिंग धरून मला म्हणाला, "पुन्हा माणसाला लागलास ना, तर गाडीत घालतो. ऐकलंस?"

ऐकलं. तेव्हापासून मी खोपटात, खुंट्याला दाव्यानं बांधलेला. पुढे झापाचं दार. चार वर्षं एकाही माणसाला धक्का लावला नाही.

मग परवा शनिवारी सकाळी गाडीतून बारा माणसं उतरली. घट्ट कपडे, झगमगीत बूट. अकरा जण व्यायाम करायला आलेले आणि बारावा करून घेणारा, गळ्यात शिट्टी. दोन दिवसांसाठी आमचं कुरण त्यानं घेतलं होतं.

"त्या खोपटाकडे फिरकू नका," मालकानं बजावलं. "एडका मारका आहे. दाव्याला आहे तोवर ठीक."

"काका, आम्ही रोज लोखंड उचलतो," शिट्टीवाला हसला. "बकऱ्याला काय घाबरायचं!"

बकरा म्हणाला.

मालक कळप घेऊन टेकडीपलीकडे गेला आणि यांचं सुरू झालं. मागे लांडगा नाही, पुढे चारा नाही, तरी पळतात. धोंडा उचलतात आणि होता तिथेच ठेवतात. शिट्टी वाजली की जमिनीवर पडतात, पुन्हा वाजली की उठतात. आमची मेंढरं बरी.

त्यांच्यात एक जाडा होता, चष्म्याचं दुकान असलेला. बायकोनंच आणला होता त्याला. ती पुढे पळायची आणि हा मागे भात्यासारखा धापा टाकत यायचा.

"ए रणगाड्या!" शिट्टीवाला ओरडायचा. "इंधन संपलं काय रे?"

सगळे हसायचे. बायकोही हसायची, मग जवळ येऊन दातांतून म्हणायची, "अहो उठा ना, सगळे बघतायत."

दुपारी त्यांना रस्सीखेच करायची होती आणि रस्सी राहिली घरी. शिट्टीवाला खोपटात शिरला, माझ्यापुढे मूठभर दाणे टाकले आणि मी खात असताना दावं सोडून घेऊन गेला. जाताना झाप नुसता लोटला. जाड्या दारातच उभा होता. तो म्हणालासुद्धा, "अहो, त्या काकांनी सांगितलं होतं..."

"तू ओढ आधी, मग बोल."

ओढता ओढता माझं दावं मधोमध तुटलं. एकमेकांना शिव्या घालत सगळे पाठीवर आपटले. दोन्ही तुकडे कुणीतरी माझ्या खुंट्यापाशी आणून फेकले.

मग अस्वलचाल नावाचा प्रकार निघाला. चार पायांवर, डोकी खाली. अकराच्या अकरा डोकी माझ्या दिशेनं. माझ्या मानेवरची लोकर उभी राहिली. मला कसायाची गाडी आठवली. मी वळलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दहा वर्षांच्या आयुष्यात मी अशी पाठ कधी फिरवली नव्हती.

जाड्या माझ्या दारापाशी येऊन कोसळला. शिट्टीवाल्यानं त्याच्या पाठीवर बूट ठेवला.

"पोट टेकवायचं नाही! अजून दहा!"

"नाही होत हो," जाड्या म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"नाही होत म्हणे. बघ, असं करायचं." आणि शिट्टीवाला स्वतः पालथा झाला, नेमका झापासमोर. हातांवर वर, डोकं खाली. "एक." पुन्हा डोकं खाली. "दोन."

तिसऱ्यांदा त्यानं बोलावलं तेव्हा मी झापातून बाहेर होतो.

पहिली धडक खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो. तो गुडघ्यांवर आला, डोकं खालीच. दुसरी तोंडावर. गळ्यातली शिट्टी तुटली आणि दात बाहेर आले. तिसरी बरगड्यांवर. मजा आली. खोटं कशाला बोलू?

मग पहिला दगड माझ्या डाव्या डोळ्यावर बसला आणि तो डोळा गेला. दगड जाड्याचा होता. मग सगळे तुटून पडले. थोड्या वेळापूर्वी ज्यांना एक दोर मिळून ओढता येत नव्हता, त्यांनी मला किती झकास मिळून मारला! हात उचलत नाही म्हणून रडणारे दोन्ही हातांनी धोंडे घालत होते. एकीनं लोखंडी वजन घालून माझं शिंग मुळापासून उडवलं. जाड्याची बायको पोटात लाथा घालत होती. मी पडल्यावरही ते थांबले नाहीत. त्यांचे चेहरे मी उरलेल्या डोळ्यानं पाहिले. काळ्या एडक्याची मान मोडली तेव्हा मलाही इतका आनंद झाला नव्हता.

शेवटी मालकीण धावत आली, तो मोडका खांदा धरून. "अहो सोडा! मुकं जनावर आहे ते, मरेल!"

मालक परतला, तोवर शिट्टीवाल्याला दवाखान्यात नेलं होतं. मालकानं दाव्याचे तुकडे उचलून पाहिले.

काल रविवारी सकाळीच ती माणसं सामान भरू लागली. जाड्या एकटाच खोपटाशी आला. बराच वेळ माझा फुटका डोळा बघत राहिला.

"दगड तुझ्यासाठी नव्हता रे," तो हळूच म्हणाला. "त्याचा बूट पाठीवर होता ना, तेव्हाच हातात घेतला होता. त्याच्या डोक्यात घालणार होतो. मेला असता तो. तू मध्ये आलास."

मग मला का मारलास, हे विचारायला मला तोंड नाही. त्यानंही सांगितलं नाही.

एवढ्यात मालक आला. "साहेब, एक विचारू? दावं यानं तोडलं असेल तर हा हाताबाहेर गेला, उद्या गाडीत घालतो. पण कुणी सोडलं असेल तर याचा दोष नाही, मी याला ठेवीन. तुम्ही इथेच होता. काय झालं?"

जाड्यानं माझ्याकडे पाहिलं. गाडीतून बायको ओरडली, "अहो, चला ना! सगळे खोळंबलेत!"

"मला नाही माहीत," जाड्या म्हणाला. "मी खाली बघत होतो."

आणि गेला.

आज सोमवार. मालकानं सकाळी मला दाणे घातले, नेहमीपेक्षा जास्त, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मालकीण ओलं फडकं घेऊन डोळा पुसायला आली होती. मी पुसू दिला. गाडीचा आवाज वळणावर येतोय.

तुमच्यापैकी कुणी चष्मा करायला त्या जाड्याच्या दुकानात गेलात तर त्याला एक निरोप द्या. म्हणावं, शिट्टीवाल्याला एडक्यानं मारलं, ते त्याला कबूल आहे. पण दावं त्यानं तोडलं नव्हतं.