यांचं नाक

वास घेतला म्हणजे अर्धं जेवण झालं, असं आपल्याकडे म्हणतात. तसं असेल तर गेल्या सहा महिन्यांत मी किती वाईन प्यायले असेन, ते देवालाच ठाऊक.

माझे रोजचे नेम आहेत. पहाटे आंघोळ, पूजा, मग अथर्वशीर्ष. शुक्रवारी उपास, आणि त्या दिवशी घरात आंबट नाही. चातुर्मासात नायगावच्या आमच्या खोलीत कांदासुद्धा येत नाही. त्या ओट्यावर वाईनच्या नमुन्यांच्या बोटभर बाटल्या मांडलेल्या पाहिल्या, तेव्हा मी आधी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला.

हे लालबागला अगरबत्तीच्या कारखान्यात बावीस वर्षं वास तपासायचे. चंदनात भेसळ असली की डबा पुरता उघडायच्या आत सांगायचे. साथीच्या तापात नाक गेलं, ते परत आलंच नाही. तरी दोन वर्षं अंदाजाने रेटलं, मग कारखानाच बंद पडला. त्याच सुमारास परळला, बाहेरदेशची वाईन आणून विकणाऱ्या एका कंपनीला माणूस हवा होता. तिथल्या मनवा मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. "बावीस वर्षं नाकाचं काम केलंय? मग सोमवारपासून याच, काका," म्हणाल्या. नाक गेल्याचं हे बोलले नाहीत. सांगून टाका, असं मीही म्हटलं नाही.

अट एकच होती. सहा महिन्यांनी परीक्षा. सहा ग्लास, नावं झाकलेली. वास घ्यायचा, चव घेऊन थुंकायचं, आणि कुठली वाईन ते लिहायचं. जमलं तर कायम.

म्हणून घरी माझं नाक कामाला लागलं. संध्याकाळी कामावरून आले की हे बाटली उघडायचे आणि वही घेऊन बसायचे.

"बोल."

"जांभळं. फार पिकलेली, जमिनीवर पडलेली."

"आणखी?"

"ओलं गोणपाट."

"अगं, गोणपाट काय लिहू मी? तिथे असं कोण बोलतं?"

"मग तुम्हीच घ्या वास!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे हसले. "गोणपाट लिहितो," म्हणाले.

नंतर मी पुन्हा आंघोळ करायची. शेजारच्या शेवंतीकाकूंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काय गो अनुजा, दिसाक दोनदा न्हातंस? घोव दारवेच्या कंपनीत लागलो म्हणान?"

"उकडतंय, काकू."

"उकडता तर! डिसेंबरात?"

रंग बघून आणि जिभेवरच्या तुरटपणावरून ओळखायची यांनी एक युक्ती बसवली होती. माझे शब्द पाठ केले होते. सहातले चार तरी येतील, असं वाटत होतं.

परीक्षा नेमकी शुक्रवारी आली. आदल्या दिवशीच यांनी बजावलं होतं, "उद्या बिनवासाचा साबण दे. तेल नको, पावडर नको. त्या खोलीत दुसरा कुठलाच वास चालत नाही." मी साबण आणला. शर्टसुद्धा नुसत्या पाण्यातून काढला.

पूजेला दादरहून आणलेला सोनचाफा होता. वाहून झाल्यावर त्यातलं एक फूल उचललं आणि यांच्या काळ्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाबरोबर देवाचं फूल द्यायचंच, हे माझ्या हातांनाच ठाऊक आहे. वासाचं मनातही आलं नाही. तेलाला वास असतो, अत्तराला असतो. देवाचं फूल मी त्यांच्यात धरलंच नाही.

चारच्या आतच हे घरी आले. पाणी घेतलं नाही. पलंगाच्या कडेला बसून सांगू लागले.

"पहिला ग्लास उचलला. शेजारी परीक्षेला बसलेला ध्रुव होता, तो पुटपुटला, फुलांचा जबरदस्त वास येतोय. पलीकडची मुलगीही हो म्हणाली. मला वाटलं, वाईनचाच. मी लिहिलं, फुलं. दुसऱ्यालाही ते तेच म्हणाले. मी पुन्हा फुलं लिहिलं."

"सगळ्यांना?"

"सहाही ग्लासांना."

मी खाली बसले.

"मॅडम आल्या. म्हणाल्या, कोणी अत्तर लावलंय? सगळे नाही म्हणाले. मीही तेच म्हणालो. मग त्या एकेकाजवळ जात माझ्यापाशी थांबल्या. काका, खिशात काय आहे? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी जाकीट काढायला लावलं."

"त्या ओरडल्या?"

"ओरडल्या असत्या तर बरं. खुर्ची दिली. फूल माझ्या नाकाशी धरलं आणि विचारलं, हा वास येतोय? सगळे बघत होते गं. मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, काका, डॉक्टरांना दाखवा. आणि सोमवारपासून येऊ नका."

"मी ठेवलं होतं ते," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मला बोला तरी काही."

"काय बोलू? चांगल्यासाठीच ठेवलंस." त्यांनी बूट काढले आणि एकमेकांना लावून नीट ठेवले. इतके नीट कधी ठेवत नाहीत.

दिवेलागणीला मी देवापुढे बसले. रोज काही ना काही मागते मी, लपवत नाही. त्या संध्याकाळी काय मागावं, ते सुचेना. नाक मागावं, तर अडीच वर्षं मागतेच आहे. नोकरी मागावी, तर मागितलेली मिळाली होती, आणि ती माझ्याच हाताने गेली. नुसतीच हात जोडून बसले.

मागून यांचा आवाज आला. "महालक्ष्मीला कॉफीची एक कंपनी आहे म्हणे. चव बघायला अनुभवी माणूस हवाय त्यांना. विचारू का?"

"तिथे नाक लागत नाही?"

"लागतं."

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेमच आहे. वळून पाहिलं. फोन हातात घेऊन हे उभे होते, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

"विचारा," मी म्हटलं.